सगुणाची झोप

काट्याची सुई स्थिर होईपर्यंत मी हात दूर धरून ठेवला. दोन किलो दोनशे दहा. सगुणाला खाली उतरवलं, रिकामी परात ठेवून सुई शून्यावर येते का ते बघितलं, आणि तिला पुन्हा परातीत ठेवलं. पुन्हा दोन किलो दोनशे दहा.

"उठली काय?" बाबांनी दाराबाहेरून विचारलं. सुमेधच्या, माझ्या मोठ्या भावाच्या, खोलीत ते येत नसत. काही द्यायचं असलं तर उंबरठ्यावरून हात लांब करत.

"नाही. वजन करून राह्यली तिचं."

"झोपलेल्याचं वजन?"

"पुस्तकात आहे. दर तीन आठवड्यांनी करायचं. एक दशांशाच्या वर घटलं तर तिला उठवायचं."

"मंग?"

मी वही उघडली. अठरा नोव्हेंबर, दोन किलो सहाशे चाळीस. वजाबाकी सोपी होती, तरी मी ती लिहून केली. चारशे तीस ग्रॅम. सोळा टक्के.

"बाबा, एवढी घट झोपेत होत नाही."

बाबांनी उंबरठ्यावरूनच मान लांब करून परातीत बघितलं. परतवाड्याच्या एसटी डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर भोंग्यावर गाड्यांच्या वेळा सांगून सांगून घरी आल्यावर त्यांच्याकडे शब्द उरत नाहीत, असं आई म्हणायची. आई गेल्यावर तर ते आणखी कमी बोलायला लागले. चार वर्षांपूर्वी सुमेध घर सोडून गेला, त्यानंतर आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी मीच होते, आणि मीही बहुतेक सगुणाशीच बोलायची.

सगुणा म्हणजे आमचं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते. सुमेध नऊ वर्षांचा असताना मावशीच्या संत्र्याच्या बागेत त्याला ती सापडली. वाटीएवढी होती. दप्तरात घालून त्यानं ती घरी आणली आणि आईनं तिचं नाव ठेवलं. पंधरा वर्षांत ती ताटाएवढी झाली. जास्वंदीची फुलं, शेवग्याचा पाला, गवत खायची; दुपारी अंगणात पायऱ्यांपाशी उन्हात बसायची. डोक्यावर बोट ठेवलं तर मान आत न घेता तशीच धरायची, पण फक्त सुमेधचं बोट असलं तर.

मी तिला खिडकीशी नेलं. डोळे मिटलेले होते आणि पापण्यांच्या कडेला पांढरट, वाळलेला चिकटा होता. ती मान लांब काढून बसली होती. झोपलेलं कासव मान आत घेतं, एवढं मलाही माहीत होतं. मग मला तिचे पुढचे पाय दिसले. प्रत्येक श्वासाला ते आत-बाहेर होत होते, जणू कुणी तिला आतून भात्यासारखं दाबतंय. कासवाच्या बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात, छाती फुगत नाही. श्वास जड झाला की ते पायांचा जोर लावतं. हे मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते आणि त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मी कान जवळ नेला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज येत होता. तिच्या उजव्या नाकपुडीत एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा.

"बाबा," मी म्हटलं, "सगुणा झोपलेली नाही. ती आजारी आहे."

"कायनं?"

"छातीत पानी झालं असंल. न्युमोनिया."

"डोळे तं मिटून हायेत."

"डोळे उघडायची ताकद नाही तिच्यात."

बाबा आत आले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीच्या फरशीवर त्यांचा पाय पडला, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी खाली वाकून सगुणाच्या नाकाशी बोट धरलं, बुडबुडा फुटून बोटाला ओल लागली. ते बोट ते बघत राहिले.

"रविवारी तो इचारन," ते म्हणाले.

सुमेधचा फोन दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला यायचा, हैदराबादहून. तिथं तो एका बेकरीत काम करायचा. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष त्यानं कुणाला न सांगता सोडलं होतं, आणि ते कळल्याच्या दिवशी बाबा त्याला म्हणाले होते की या घरात राह्यचं तर माझं ऐकावं लागन. संध्याकाळी तो गेला. कपड्यांची एक बॅग नेली. सगुणाला ठेवून गेला. फोन बाबाच उचलायचे. सुमेध विचारायचा, "सगुणा खाते का?" बाबा म्हणायचे, "खाते." मग, "यशूले देतो," म्हणून रिसीव्हर माझ्या हातात. चार वर्षं त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं, एकाही रविवारी चुकलं नाही आणि एकाही रविवारी वाढलं नाही. मागच्या दोन-तीन रविवारी मात्र बाबांना थोडे जास्त शब्द लागले होते. "झोपली हाय. यशूनं झोपवली, पुस्तक पाहून."

पुस्तक मी अमरावतीच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलं होतं. इंग्रजी, जाडजूड, कासव पाळणाऱ्यांसाठी. त्यात थंडीतल्या झोपेवर चौदा पानांचं प्रकरण होतं. लाकडी पेटी घ्या, कोरडं गवत भरा, थंड अंधाऱ्या खोलीत ठेवा, वजनापुरतं सोडून वसंत ऋतूपर्यंत हात लावू नका. आमच्याकडे दर हिवाळ्यात काय व्हायचं, तर संध्याकाळी पाणी तापवायचा बंब विझला की त्याच्या मागच्या कोमट विटांपाशी सगुणाला ठेवायचं. आईची ती पद्धत. आई गेल्यावर बाबांनी ती चालू ठेवली होती. मी संत्र्याची रिकामी पेटी आणली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "बंबाजवळ नको काय यंदा?"

"बाबा, त्यानं तिची नैसर्गिक झोप मोडते," मी म्हटलं होतं. "पंधरा वर्षं आपण चुकीचं करून राह्यलो."

"बरं," ते म्हणाले होते, आणि शेजारच्या गोठ्यातून पेटीसाठी कुटार, म्हणजे कोरडा भुसा, त्यांनीच आणून दिलं होतं.

त्या गुरुवारी बाबा ड्युटीवर गेल्यावर मी सगुणाला कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवलं, नाक वर राहील असं. पापण्या कापसानं पुसल्या. एक डोळा किंचित उघडला आणि मिटला. मग पेटीवर शंभरचा बल्ब टांगला आणि शेजारी माझा प्रयोगशाळेतला थर्मामीटर ठेवला. पेटीत एकोणतीस झालं. त्याआधी सुमेधच्या खोलीत पारा तेरावर होता. मग मी पुस्तक घेऊन बसले आणि पहिल्यांदा ते पहिल्या पानापासून वाचलं.

प्रस्तावनेत लिहिलं होतं की पुढची सगळी माहिती भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कासवांसाठी आहे. भारतातली चांदण्यांची कासवं अशी झोपत नाहीत, त्यांना थंडीत ठेवलं तर ती आजारी पडतात. अडीच ओळी होत्या. मी थेट अनुक्रमणिकेवरून त्या प्रकरणाकडे गेले होते.

बाबा जेवायला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं नाही. उद्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊ, एवढंच म्हटलं.

"ढोराचा डॉक्टर कासवाले काय करन?"

"विचारू तरी."

"इचारू," बाबा म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात फिरवत ठेवला. "शनिवारपर्यंत बरी झाली पायजे."

डॉ. लव्हाळे माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. शुक्रवारी सकाळी त्यांच्या टेबलासमोर एक शेळी, दोन म्हातारे आणि आम्ही होतो. आमची पाळी आली तेव्हा मी पेटी टेबलावर ठेवली आणि वहीतलं वाचून दाखवलं. वजन, तापमान, मिनिटाला श्वास किती, बुडबुडे कोणत्या नाकपुडीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"शिकता का कुठं?"

"बी.एस्सी. झाली, सर. प्राणिशास्त्र."

"म्हणजे हे घरी ठेवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

माहीत होतं. तीन वर्षांपासून माहीत होतं. वन्यजीव कायद्याच्या तासाला सरांनी याच कासवाचं चित्र दाखवलं होतं. मी ते उतरवून घेतलं होतं आणि घरी कुणाला बोलले नव्हते.

डॉक्टरांनी सगुणाच्या हनुवटीखाली बोट घालून तोंड उघडलं. आत पांढुरकं होतं, गुलाबी हवं होतं तिथं. मग ते बाहेर जाऊन फोनवर बोलले, बराच वेळ. परत आले आणि म्हणाले, "मी आजवर एकही कासव बघितलेलं नाही, खरं सांगतो. नागपूरच्या माझ्या सरांना विचारलं. इंजेक्शन आहे. एक दिवसाआड, दहा. पुढच्याच पायात द्यायचं, मागच्या पायात दिलं तर औषध आधी मूत्रपिंडात जातं. पहिलं मी आत्ता देतो."

"द्या न," बाबा म्हणाले.

"पण मला रजिस्टरला लिहावं लागेल. आणि लिहिलं की वनखात्याला कळवावं लागेल. ते तिला घेऊन जातील. तिथं उपचार होतील, माझ्यापेक्षा चांगले. तुमच्यावर काही करू नका असं मी सांगेन, स्वतःहून आणलं म्हणून. पण ती परत मिळणार नाही."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "सोमवारी लिहा, डॉक्टरसाहेब."

"सोमवारपर्यंत काय आहे?"

"रविवार हाय मधात."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली पेटीत बघितलं.

"तायडे साहेब, हिच्याकडं सोमवार आहे की नाही, मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"डेपोत रोज दीडशे गाड्या सोडतो मी. अर्धा तास लेट झाली म्हणून कोनती गाडी मरत नाही." बाबांनी पेटी उचलली. "सोमवारी आनतो. पह्यल्या नंबरावर."

स्कूटरवर मी मागं बसले, पेटी मांडीवर, वरून माझी शाल. वाटेत मी ओरडून म्हटलं, "बाबा, परत चला," आणि त्यांनी आरशात बघितलं नाही.

घरी आल्यावर मी बल्ब लावला. जास्वंदीचं फूल तिच्या तोंडाशी धरलं. तिनं वास घेतला नाही. दुपारी तिच्या तोंडातून फेस आला, थोडाच. मी तो पुसून वहीत वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं, आणि पेन खाली ठेवलं. लिहून काय होणार होतं.

बाबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला गेले नाहीत. परसात बंबापाशी पाटावर बसले होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तिला मी मारून राह्यली, बाबा."

"असं कायले बोलतं?"

"ते पुस्तक आपल्या कासवाचं नव्हतं. दुसऱ्या देशातलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, मी वाचलंच नाही. हिची जात झोपत नाही थंडीत. तिला बंबाजवळच ठेवायचं होतं. तुम्ही आणि आई बरोबर होते. तिला मी तेरा डिग्रीत टाकली आणि वरून तुम्हाला म्हटलं, तुम्ही चुकीचं करून राह्यले."

बाबांनी बंबातली राख काडीनं सारखी केली.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"थंडीत तिले सोसत नाही हे. एका डिसेंबरात तुह्या आईच्या मायेरी गेलो होतो चार दिवस, तवा ती बाहीर राह्यली होती. नाकातून असंच पानी आलतं. तुह्या आईनं शेकून शेकून बरी केली. मंग तवापासून बंबाजवळ."

मला आधी राग आला. "मग बोलले का नाही? मी पेटी आणली तेव्हा? कुटार तुम्हीच आणून दिलं."

"तू म्हनली चुकून राह्यलो."

"मी म्हटलं म्हणून? अन् तुम्ही ऐकून घेतलं? तुम्ही?"

काडी विझलेल्या राखेत तशीच राहिली. "त्याले बोललो होतो न मी," बाबा म्हणाले. "माह्यं ऐकावं लागन म्हनून. तं तो गेला. आता तुले बोललो असतो..."

घरात स्वयंपाकाची वेळ टळून गेली होती आणि दोघंही तिथंच होतो. आजवर मी म्हटलं ते सगळं त्यांनी 'बरं' म्हणून मान्य केलं होतं: अमरावतीच्या कॉलेजात रोज एसटीनं जायचं, एम.एस्सी.साठी पुण्याचा फॉर्म भरायचा, भाजीत तेल कमी. मला वाटायचं, बाबा बदलले. माझ्या शिक्षणाची त्यांना किंमत आहे.

"मी नाही जाणार कुठं," मी म्हटलं.

"जाशीन. पुण्याले जायचं हाय तुले. जायलाच पायजे." ते उठले. "पन असं नाही. त्याच्यासारखं नाही."

मग ते घरात गेले आणि बल्बखालची पेटी दोन्ही हातांनी घेऊन बाहेर आले. "दवाखाना किती वाजेपर्यंत राह्यते?"

"बंद झाला असंल. उद्या आठला उघडते."

"आठ म्हंजे पावनेआठले आपन तिथं."

त्या रात्री बाबांनी बंब पेटवला, कुणाला पाणी नको असताना. विटा तापल्यावर त्यांनी पेटी तिथं नेऊन ठेवली आणि दर थोड्या वेळानं हात घालून विटा चटका देत नाहीत ना ते बघत राहिले.

शनिवारी पावणेआठला डॉ. लव्हाळे दवाखान्याचं कुलूप काढत होते. आम्हाला बघून त्यांनी दार उघडून धरलं. सगुणाचा उजवा पुढचा पाय मी बाहेर ओढून धरला, तिनं तो आत घेण्यासाठी जोर लावला आणि त्या जोराचा मला आनंद झाला. डॉक्टरांनी सुई टोचली. मग रजिस्टर उघडलं. 'मालकाचे नाव' या रकान्यात ते थांबले.

"सुमेध भास्कर तायडे," बाबा म्हणाले.

दहा वाजता वनखात्याच्या बेठेकर मॅडम आल्या. मेळघाटातल्या, खाकी शर्टावर मरून स्वेटर. सरकारी कागद भरताना त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. बाबांनी सही केली आणि विचारलं, "फुलं खाते ती. जास्वंदीची. तिथं भेटतीन काय?"

"बघू काका," त्या म्हणाल्या. "सांगते मी त्यांना."

"लालच खाते. पिवळी नाही."

"लाल," बेठेकर मॅडमनी कागदाच्या मागं लिहून घेतलं.

मी सगुणाच्या कवचाची डावी कड एकदा बोटानं चाचपली. लहानपणी पायरीवरून पडली होती तेव्हा मागून तिसऱ्या तुकड्याचा टवका उडाला होता. त्या न्युमोनियातून ती जगली. मार्चमध्ये मॅडमनी डेपोवर निरोप पाठवला की वजन भरलं आणि तिला जंगलात सोडलं. कुठं सोडलं ते सांगायचा नियम नव्हता. पुढं मी याच कामात आले, आणि आता जंगलात चांदण्यांचं कासव दिसलं की मोजमाप घेण्याआधी माझा हात डाव्या कडेला जातो, मागून तिसऱ्या तुकड्यावर. तो आजवर प्रत्येक वेळी अख्खा निघाला आहे.

रविवारी दहाला चार मिनिटं कमी असताना बाबा फोनपाशी जाऊन उभे राहिले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, "मी उचलू?" त्यांनी मान हलवली. दहा वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला.

"हॅलो," बाबा म्हणाले. आणि मग, "नाही. नाही खात."

मी दाराशी थांबले.

"सगुणा घरी नाही, सुमेध." चार वर्षांत त्यांनी त्याचं नाव त्याच्याशी बोलताना घेतलं नव्हतं. "आजारी पडली. छातीत पानी झालं. काल फारेस्टवाले घेऊन गेले, दवा तिथंच करतीन. वापस भेटत नाही म्हंतात." ते भोंग्यावर बोलत तसं बोलत होते, एकेक वाक्य सुटं. "थंडीत ठेवली म्हनून झालं. चूक माही झाली."

"बाबा, माझी," मी पुढं झाले आणि रिसीव्हरसाठी हात केला. त्यांनी पाठ फिरवली, तारेचा वेटोळा त्यांच्या खांद्याला अडकला.

"माही झाली," त्यांनी पुन्हा म्हटलं. "मले मालूम असून झाली."

पलीकडून काही येईना. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, सवयीनं. 'यशूले देतो' हे आता येणार, असं वाटत होतं. एक मिनिट गेलं. फोन चालू होता. रिसीव्हरमधून, लांबून, पत्र्याचे ट्रे एकावर एक ठेवल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्या अलीकडे कुणीतरी जोरानं नाक ओढल्याचा. दुसरं मिनिट गेलं. बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग पायानं खुर्ची ओढली आणि बसले. त्या फोनपाशी आमच्याकडे कधी कुणी बसत नव्हतं.

"बोल," ते म्हणाले. "ऐकून राह्यलो मी."